चलानाच्या फोटोतली बाई

सप्टेंबरातला दुसरा शनिवार, लोकअदालतीचा दिवस. वेळ सकाळी साडेनऊ. जागा: जळगाव कोर्टाच्या आवारातला कडुनिंब आणि त्याखालचा सिमेंटचा बाक.

हजर: मी. आमच्या वकीलसाहेबांची बॅग (साहेब स्वतः वाटेत). धुळ्याकडच्या एका गावाहून पहिल्या एसटीने आलेले सुपडू नाना, वय सदुसष्ट. त्यांच्या घरच्या, मंजुळा अक्का. गैरहजर: नानांची मोटरसायकल, जिच्यामुळे आम्ही सगळे जमलो होतो.

एवढं मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं आहे. गेली बावीस वर्षं मी एका वकिलांकडे कारकून आहे आणि कोर्टात जाण्याआधी कोण आलं, कोण नाही, कुणाकडे कोणता कागद आहे हे लिहिल्याशिवाय मी जागची हलत नाही. वकीलसाहेब हसतात. पण एकदा ते स्वतः काळा कोट न घेता आले होते, आणि तो कोट माझ्या यादीत सहाव्या क्रमांकावर होता.

आमच्या ऑफिसात पूर्वी जमिनीचे दावे असायचे, वाटण्या असायच्या. अलीकडे चौकाचौकात कॅमेरे बसले आणि लोकांच्या मोबाइलवर चलान येऊ लागली, तसं आमचं गिऱ्हाईक बदललं. साहेबांना असल्या बारक्या कामाचा कंटाळा. म्हणून चलानाचं टेबल माझ्याकडे आलं. आता लोक सरळ विचारतात, “चलानवाल्या ताई कुठे बसतात?”

ज्यांना अजून चलान आलेलं नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगते. चलान आलं की तीन वाटा असतात. पहिली, मुकाट्याने भरणे. दुसरी, ते आपलं नाहीच असं वाटत असेल तर ऑनलाइन तक्रार करणे. त्याला आपल्या गाडीचे फोटो लागतात आणि उत्तराची वाट पाहायची तयारी लागते. तिसरी, कोर्ट. त्यातही लोकअदालत म्हणजे तडजोडीची जागा. तिथे दंड कमी करून मिळतो, दोन मिनिटांत नाव पुकारतात, भरलं की विषय संपला. तिथे तुम्ही चूक केली की नाही यावर कुणी वाद घालत बसत नाही. भरता का, एवढंच विचारतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. माझ्याकडून ती विसरली गेली, त्याचीच ही हकिगत आहे.

येणाऱ्या माणसाला मी एक छापील कागद देते. पुढच्या बाजूला काय आणायचं: गाडीचं आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी, आधारची प्रत, गाडीचे चार बाजूंनी फोटो आणि पाण्याची बाटली. मागच्या बाजूला काय बोलायचं नाही: “सगळेच करतात.” “माझे साडू पोलिसात आहेत.” “हेल्मेट होतं, पण टाकीवर ठेवलं होतं.” हा मागचा भाग मी अनुभवातून तयार केला आहे. तरीही दर लोकअदालतीला एक तरी माणूस साडूंचं नाव घेतोच.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर पहूरचे एक पीठगिरणीवाले आले होते. त्यांच्या जुन्या जीपला वेग जास्त म्हणून चलान आलं होतं. ते म्हणाले, “ताई, ही जीप ऐंशीच्या वेगाने गेली हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.” गावात कुणाचा विश्वास बसेना. मी तक्रारीचा अर्ज काढला, तर म्हणाले, “तक्रार कशाला? मला याची रंगीत प्रत द्या.” त्यांनी दंड हसत भरला, चलान लॅमिनेट करून घेतलं आणि जीप विकायला काढली तेव्हा ते पुढच्या काचेवर लावून ठेवलं. सरकारी शिक्का असलेली जाहिरात. जीप आठ दिवसांत गेली.

एका निवृत्त मास्तरांनी लाल सिग्नल तोडल्याबद्दल चौदा पानांचं निवेदन लिहून आणलं. त्यात सिग्नलचा शोध, भारतीय रस्त्यांची स्थिती आणि आजची पिढी असे भाग होते. सिग्नल तोडला की नाही हे कुठेच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, “तोडला. पण कोणत्या मनःस्थितीत, ते पान अकरावर आहे.”

अशा माणसांची सवय झाली की आपला हात यंत्रासारखा चालायला लागतो. कागद बघायचा, गठ्ठ्यात टाकायचा. भांडायचे वेगळे, भरायचे वेगळे. नाना जूनमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा माझा हात असाच चालला.

नाना बारीक अंगाचे, पांढरा सदरा, पांढरी टोपी. खुर्चीच्या टोकावर बसले. पाच चलानं होती, सगळी विनाहेल्मेट, सगळी जळगावच्या एकाच चौकातली. नानांची गाडी धुळ्याची, एमएच अठरा. ते म्हणाले, “ताई, मी जळगावले येस नही. हाई मन्ही गाडी नही.”

असं सगळेच म्हणतात. मी विचारलं, “ऑनलाइन तक्रार केली होती का?”

जावयाने केली होती, आणि ती फेटाळली गेली होती. मी ती उघडून बघितली. तक्रारीला जोडलेल्या फोटोत नाना स्वतःच्या गाडीपाशी हात जोडून उभे होते, चेहऱ्यावर सज्जन भाव, आणि त्यांच्या धोतराने नंबरपट्टी पूर्ण झाकलेली. ज्याने तक्रार तपासली त्याला मी दोष देणार नाही.

चलानातले फोटो मी मोबाइलवर वरवर पाहिले. काळी मोटरसायकल, खानदेशात दर तिसरी असते तशी. पाठमोरा माणूस, पांढरा सदरा, पांढरी टोपी. मागे एक बाई, लाल लुगडं, पदर वाऱ्यावर. मी म्हटलं, “नाना, रकमा लहान आहेत. सप्टेंबरच्या लोकअदालतीत या, कमी करून भरून टाका. भांडत बसलात तर एसटीच्या खेपाच जास्त होतील.” फाइल भरायच्या गठ्ठ्यात टाकली. नाना काहीतरी बोलणार होते, पण मागे सात माणसं होती. ते “बरं” म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बाईचा आवाज, खडा.

“ताई, तुम्ही त्यासले सांगं का, पैसा भरी टाका?”

“हो. कोण बोलतंय?”

“त्यासनी घरनी. मंग ती बाई खरी शे ना?”

मला आधी काही समजेना. मग अक्कांनी सगळं सांगितलं, आणि मी पेन खाली ठेवलं. बावीस वर्षांत मी फोनवर बोलताना पेन खाली ठेवल्याचे प्रसंग थोडे आहेत.

प्रकार असा होता. नानांचा गुडघा दुखत होता. डॉक्टरांनी धुळ्याला एका ठिकाणी शेक घ्यायला सांगितलं, दर बुधवारी. नाना मोटरसायकलने जाऊ लागले. महिने झाले, गुडघाही सुधारला, तरी बुधवार काही चुकेना. मग मोबाइलवर चलानं आली. जावयाने ती सगळ्यांसमोर उघडून दाखवली, फोटो मोठा करून. पाचही चलानं बुधवारची. अक्कांनी शेकाच्या ठिकाणी फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, “ते आजोबा? त्यांचं तर जानेवारीतच संपलं.”

“माले बठ्ठं समजी गयं,” अक्का म्हणाल्या. “तरी मी म्हनं, फोटो खोटा राही. त्या बी म्हनेत, खोटा शे. आन् आते तुम्ही सांगतस, भरी टाका. खोटं राहतं तर वकीलनी बाई भराले कसाले सांगती?”

मी तडजोडीचं बोलले होते. अक्कांनी तो निकाल मानला होता, आणि चाळीस वर्षांचा संसार असलेल्या बाईने दुसरं काय समजावं? मी समजावून पाहिलं की भरणं म्हणजे कबुली नव्हे, वेळ वाचवणं आहे. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मी येसू तारीखले. कोर्टमा मानूस खोटं बोलस नही. तठे ह्या काय सांगतस, ते माले मन्हा कानवर ऐकनं शे.”

त्यानंतर तीन महिने, असं नंतर जावयाने सांगितलं, त्या घरात नवराबायकोचं बोलणं म्हशीमार्फत चाललं होतं. “सांग त्यासले, भाकर टाकेल शे.” म्हैस बिचारी दोघांकडे बघायची.

तर त्या शनिवारी कडुनिंबाखाली बाकाच्या एका टोकाला नाना, दुसऱ्या टोकाला अक्का, मध्ये डब्याची पिशवी. मी नानांना बाजूला घेतलं.

“नाना, एक स्पष्ट विचारते. बुधवारी तुम्ही कुठे असता?”

नाना झाडाकडे बघत राहिले.

“तुम्ही जळगावला नव्हतात ना?”

“नही.”

“मग धुळ्यात होतात?”

“व्हतू.”

“कुठे? कुणी पाहिलंय?”

“ते सांगता नही येत, ताई.”

खरं सांगते, त्या क्षणी माझाही विश्वास डळमळला. मी वळून अक्कांकडे पाहिलं. त्या आमच्याकडेच बघत होत्या, तोंडावर पदर, डोळे चाकूसारखे.

तेवढ्यात वकीलसाहेब आले. त्यांनी फाइल उलटसुलट केली आणि म्हणाले, “पाचच आहेत. भरून टाका. पाच मिनिटांचं काम.”

“साहेब, भरायचं नाही,” मी म्हटलं.

“अहो, तुम्हीच भरायच्या गठ्ठ्यात टाकलंय.”

“टाकलं होतं. चूक झाली.”

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू कडुनिंबाने मराठीत उत्तर दिलं. चूक हा शब्द माझ्या तोंडून त्यांनी ऐकला नव्हता. “मग पुरावा काय?” ते म्हणाले. “आणि म्हातारा तर कुठे होता तेही सांगत नाही.”

पुरावा काही नव्हता. पण आदल्या दिवशी मी पाचही फोटो रंगीत छापून घेतले होते, पानभर आकाराचे. ते का घेतले, याचं उत्तर एवढंच की यादीत तसं लिहिलेलं असतं. मी ते बाकावर तारखेप्रमाणे ओळीने मांडले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, जून. वर खडे ठेवले, वारा होता.

आणि पहिल्यांदा मी माणसांकडे न बघता पट्टीकडे बघितलं.

पाचही फोटोंत नंबरपट्टीवर डाव्या बाजूला एक काळपट डाग होता. साहेब म्हणाले, “चिखल आहे.” मीही क्षणभर तेच म्हटलं असतं. पण मार्चमध्ये चिखल कुठला? आणि जूनच्या पहिल्या पावसात तोच डाग, त्याच आकाराचा, वरून खाली ओघळलेला. चिखल वाळतो, पडतो, धुतला जातो, दुसरा उडतो. हा डाग हलला नव्हता.

माझं माहेर यावलचं. आमच्या घरी केळीच्या कामाचे कपडे वेगळे असत आणि ते दुसऱ्या कपड्यांत धुवायला टाकले तर आई घर डोक्यावर घ्यायची. केळीचा घड कापला की दांड्यातून चीक गळतो. ओला असताना पाण्यासारखा, काही दिसत नाही. वाळला की काळा पडतो, आणि मग तो कपडा कायमचा शेतातला. ज्याने मोटरसायकलच्या मागे घड टांगून नेला आहे, त्याला हे सांगावं लागत नाही. मी जूनचा फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. बाईच्या मागे, कॅरिअरला, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लोंबत होतं. दांडा बाहेर आला होता. आणि दांडा बरोबर पट्टीच्या वर.

“साहेब, हा चीक आहे. केळीचा.”

“असेल. त्याने काय होतं?”

“हा आठ नाहीये. हा नऊ आहे. चिकाने त्याची खालची मोकळी बाजू बुजवलीय. ही गाडी अठरा नाही, एकोणीस आहे. धुळ्याची नाही, जळगावची.”

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, “कोट आणलाय ना मी?”

“बॅगेत आहे.”

लोकअदालतीच्या हॉलमध्ये टेबलापाशी तिघं बसलेले: न्यायाधीश मॅडम, एक वकील आणि एक समाजसेवक काका. बाजूच्या टेबलावर वाहतूक शाखेचे हवालदार, समोर लॅपटॉप. मॅडम कोकणातल्या, बदली होऊन नव्याने आलेल्या. नाव पुकारलं गेलं तसे आम्ही चौघं पुढे गेलो. अक्का नानांच्या अगदी मागे उभ्या राहिल्या, एक शब्द सुटू नये अशा.

मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, “भरताय ना?”

साहेब तोंड उघडणार तोच नाना म्हणाले, “मॅडम, मी तठे नव्हतू.”

“आजोबा, ते इथे कुणी विचारलेलं नाही. तडजोड करायची आहे का?”

“इचारा ना पन,” मागून अक्का म्हणाल्या. “त्याच्यासाठे तं मी उनी शे.”

मॅडमनी आमच्याकडे बघितलं. साहेब पुढे झाले, फोटो टेबलावर मांडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “सांगा तुम्ही.” मी सांगितलं. पाच महिने, एकच डाग, घड, दांडा, चीक.

“चीक म्हणजे?” मॅडम म्हणाल्या.

हा प्रश्न त्यांनी खानदेशातल्या भरल्या हॉलमध्ये विचारायला नको होता. समाजसेवक काका म्हणाले, “मॅडम, केळीचा चीक. रॉकेलने थोडा जातो.” वकील म्हणाले, “रॉकेलने पसरतो. लिंबू लावावं.” तिसऱ्या रांगेतून आवाज आला, “ताजा असतानाच लिंबू, वाळल्यावर काही नाही!” दाराशी उभा असलेला शिपाई म्हणाला, “चीक जात नसतो. कपडा जातो.” हवालदारांनी स्वतःच्या खाकी बाहीचं कोपर वळवून दाखवलं. तिथे तसाच एक डाग होता. “सासुरवाडीला गेलो होतो,” ते म्हणाले, “दिवाळीत. त्या दिवाळीला आता चार वर्षं झाली.”

मॅडमनी टेबलावर पेन आपटलं. “हवालदार, ती बाही खाली घ्या आणि एकोणीस टाकून बघा.”

हवालदारांनी टाकलं. सगळे लॅपटॉपकडे बघत होते, अक्का मात्र नानांच्या मानेकडे. “आहे,” हवालदार म्हणाले. “तीच अक्षरं, तेच आकडे, एकोणीसमध्ये. गाडी तशीच, रंग काळा.” मग मॅडमना दिसेल असा स्क्रीन वळवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, “सावद्याकडची आहे.”

मॅडमनी फोटो आणखी एकदा पाहिला आणि नाव तडजोडीच्या यादीतून काढायला सांगितलं. हवालदार अहवाल देतील, चलानं रद्द व्हायला पाठवतील, असं ठरलं. “झालं, आजोबा. गाडी तुमची नाही. जा आता.”

नानांनी हात जोडले. साहेब कागद गोळा करू लागले. मी वहीत खूण करायला पेन काढलं. अक्का जागच्या हलल्या नाहीत.

“गाडी नही ती,” अक्का म्हणाल्या. “माले मान्य शे. बाई बी नही ती. पन मंग बुधवारले कोठे व्हतात तुम्ही?”

तीन महिन्यांत त्या पहिल्यांदा म्हशीशिवाय बोलल्या होत्या.

“घर गयावर सांगसू,” नाना पुटपुटले.

“आठेच सांगा. कोर्टमा.”

मॅडम म्हणाल्या, “बाई, पुढचं नाव पुकारायचंय.” पण पुकारणारा शिपाईच नानांकडे बघत थांबला होता. नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. इकडेतिकडे पाहिलं. मग न्यायाधीशांकडे तोंड करून, जणू खुनाची कबुली देतोय अशा आवाजात म्हणाले:

“जिलबी खाई राह्यंतू.”

कुणाला काही समजेना. नाना मग सुटले. शेक घेऊन बाहेर पडलं की कोपऱ्यावर जिलबीची कढई. बुधवारी ताजी निघते. पहिल्यांदा एक वेढा खाल्ला. मग पाव किलो. शेक संपला तेव्हा घरी सांगायला पाहिजे होतं, पण सांगितलं असतं तर बुधवार गेला असता. साखरेचा आजार, अक्का भाकरीचा तुकडासुद्धा मोजून वाढणाऱ्या. गुडघा गाडी लावायच्या जागेपासून कढईपर्यंतच्या चालण्याने बरा झाला असावा, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

“जिलबी!” अक्का म्हणाल्या. “आन् माले सांगेत, गोळ्या लागू पडत नहीत! मी इतला कारला रांधात! मी बी कारलाच खाईसन राह्यनी संगे, तुम्हले वाईट वाटाले नको म्हनीसन!”

हॉलमध्ये हसू फुटलं ते मॅडमनाही आवरता आलं नाही. अक्का मात्र हसत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते राग होता, कारली होती की तीन महिने उराशी धरलेलं ओझं खाली पडलं होतं, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी नानांच्या सदऱ्याची बाही धरली आणि लहान मुलाला जत्रेतून बाहेर काढावं तसं त्यांना हॉलबाहेर नेलं.

बाकावर परत आलो तेव्हा डब्याची पिशवी मध्ये नव्हती, अक्कांच्या मांडीवर होती. त्यांनी डबा उघडून नानांपुढे ठेवला. कारलंच होतं. नानांनी ते शेवटच्या फोडीपर्यंत संपवलं. साहेबांनाही आग्रह झाला. त्यांना ऐनवेळी एक तारीख आठवली.

मी अक्कांची माफी मागितली. म्हटलं, “मी त्या दिवशी फोटो नीट बघितला असता तर तुमचे तीन महिने वाचले असते.” हे वाक्य मी तेव्हा हसत म्हटलं, पण रात्री वही बंद करताना ते टोचलं. सात माणसं रांगेत होती, हे खरं. पण नाना खुर्चीच्या टोकावर बसून काहीतरी सांगणार होते, हेही खरं. तेव्हापासून भरायचा गठ्ठा मी आधी करत नाही. फोटो आधी बघते, पट्टीपासून. साहेब म्हणतात, यात वेळ जातो. जातो.

अक्कांनी माफीकडे लक्ष दिलं नाही. त्या वेगळ्याच विचारात होत्या. फोटो मागून घेतला आणि लाल लुगड्यावर बोट ठेवलं.

“ही बाई कोन व्हई, ताई?”

“त्या गाडीवाल्याच्या घरच्या असतील. केळी घेऊन बाजाराला जात असतील दोघं.”

“गरीब बिचारी. कामनी बाई.” “मी हिले काय काय बोलनी, तुम्हले म्हाईत नही. रोज. सकाय, संध्याकाय. चुल्हापुढे बसीसन.” त्यांनी त्यातलं थोडं मला सांगितलंही. छापण्यासारखं त्यात फक्त एवढंच होतं की त्या बाईच्या दुधाला कधी विरजण लागू नये. “तिले काहीच म्हाईत नही. ती बाजारले चालनी. मन्हा तोंडनं पाप लागनं ना वं माय.”

नाना म्हणाले, “जाऊ दे ना आते.”

“तुम्ही चूप. तुम्हनामुळेच.”

अक्का उठल्या, कोर्टासमोरच्या दुकानात गेल्या आणि एक हिरवा खण आणि नारळ घेऊन आल्या. माझ्या हातात दिला. “तिनी ओटी भरनी शे. माले तठे जाता येत नही, म्हैस शे. तुम्ही यावलना माहेरना, तुम्हले तो भाग म्हाईत. तिले सांगा, धुयाकडनी एक बाईनी धाडेल शे. काबर, ते सांगू नका.”

मी हो म्हटलं आणि वहीत लिहिलं.

चलानं रद्द झाल्याचा मेसेज नानांच्या मोबाइलवर आला. जावयाने मला पाठवला. नाना आता बुधवारी घरी असतात. महिन्यातून एकदा अक्का स्वतः जिलबी करतात, दोन वेढे, मोजून. फाइल बंद. पण वहीतली ती ओळ उघडी आहे.

हवालदारांना मी पत्ता विचारला. त्यांनी नियमाप्रमाणे नकार दिला आणि त्यांचं बरोबर आहे. मी होऊन केस करावी अशी ही बाबही नाही. मग एका रविवारी मी सावद्याला गेले, पिशवीत खण, नारळ आणि फोटो. केळी तोलायच्या काट्यापाशी तासभर उभी राहिले आणि नंबरपट्ट्या बघत होते. तिथे उभ्या असलेल्या मोटरसायकलींपैकी निम्म्यांच्या पट्ट्यांवर चीक होता. काळी गाडी, पांढरी टोपी, मागे घड. एकाला विचारलं तर तो म्हणाला, “ताई, तुम्ही आरटीओच्या का?” आणि दोन मिनिटांत त्या जागी एकही गाडी उरली नाही.

एका आजीबाईंना फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ निरखला. म्हणाल्या, “पाठीवरून काय सांगणार? बाजूच्या गावची वाटते. त्या बाया बुधवारी जळगावला जातात.”

परत आल्यावर नारळ आम्ही ऑफिसात फोडून खाल्ला, नासला असता. दुसरा आणून ठेवला होता, तो साहेबांच्या गणपतीला गेला. खण माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, प्लॅस्टिकमध्ये. बुधवारी कोर्टाचं काम असतं, सुट्टी मिळत नाही. तरी येत्या बुधवारी सकाळी त्या चौकात, कॅमेऱ्याखाली, सिग्नलपाशी उभं राहायचं ठरवलं आहे. सिग्नल लाल असला तर गाडी थांबेल. खण देण्याइतका वेळ मिळतो का ते बघायचं.

नारळ आणायचा राहिला आहे.